रखरख आणि उकाडा : घरातील उष्णता, वारा आणि डास

मराठीत उन्हाळ्याच्या त्रासाला दोन वेगळे शब्द आहेत. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी जाणवते ती रखरख. कोकणपट्टीत त्याच दुपारी जाणवतो तो उकाडा. रखरखीत घाम अंगावर दिसण्यापूर्वीच वाळून जातो, ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो. उकाड्यात घाम निथळतो पण वाळत नाही, कपडे अंगाला चिकटतात आणि पंखा बंद पडताच जीव कासावीस होतो. भाषेने केलेला हा भेद शास्त्रदृष्ट्याही अचूक आहे. मात्र घर थंड ठेवण्याचे उपाय निवडताना तो बहुधा विसरला जातो.

नागपूर किंवा अकोल्याहून बदली होऊन चेन्नईला जाणारे कुटुंब सामानाबरोबर कूलरही नेते. वेस्ट मांबलममधील एखाद्या सदनिकेत तो खिडकीला लावला जातो, टाकीत पाणी भरले जाते, आणि आठवड्याभरातच घरातील मंडळींच्या लक्षात येते की खोली थंड होण्याऐवजी कोंदट झाली आहे. कपाटातील कपड्यांना वास येऊ लागतो, मीठ ओलावते आणि संध्याकाळी डासांचा त्रास वाढतो. यंत्रात बिघाड नसतो. नागपूरच्या हवेसाठी योग्य असलेला उपाय चेन्नईच्या हवेला लावला गेलेला असतो. असे का होते, वेस्ट मांबलमसारख्या वस्तीत उकाडा आणि डास हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, आणि महाराष्ट्रातील वाचकांनी त्यावरून काय घ्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

ओलाव्याचे गणित

पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. माठातील पाणी थंड होणे, वाळ्याच्या पडद्यातून गार झुळूक येणे आणि कूलर चालणे या सर्वांमागे हेच तत्त्व आहे. परंतु बाष्पीभवन किती होईल हे हवेत आधीच किती बाष्प आहे यावर ठरते.

उदाहरणादाखल दोन दुपारी घेऊ. नागपुरात तापमान ४३ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. चेन्नईत सागरी वारा आल्यानंतर तापमान ३५ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के आहे. गणिताने पाहिल्यास नागपूरच्या एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प असते, तर चेन्नईच्या तेवढ्याच हवेत सुमारे २६ ग्रॅम. तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्यावर वारा घातला असता जे तापमान दिसते, त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. केवळ पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त किती थंड होऊ शकते, याची ती सीमा असते. वरील उदाहरणांत ही सीमा नागपुरात सुमारे २३ अंश, तर चेन्नईत सुमारे २९ अंश येते.

आता कूलरचे गवत किंवा पॅड या फरकाच्या ७५ टक्के काम करते असे धरू. नागपुरात ४३ अंशांची हवा साधारण २८ अंशांवर येते आणि तिची आर्द्रता सुमारे ६४ टक्के होते. खोली सुखद वाटते. चेन्नईत ३५ अंशांची हवा जेमतेम ३१ अंशांवर येते, पण तिची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते. चार अंशांचा लाभ होतो, मात्र घाम वाळण्याची शक्यता तेवढ्याने घटते. दारे-खिडक्या लावून कूलर चालवला तर स्थिती आणखी बिघडते.

उकाड्याला मर्यादा आहेत आणि त्या गंभीर आहेत. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंशांवर गेल्यास निरोगी माणूसही सावलीत, विश्रांतीत, फार काळ तग धरू शकणार नाही, असे शेरवूड व ह्युबर यांनी २०१० मध्ये मांडले. पुढे २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत तरुण व निरोगी व्यक्तींच्या बाबतीतही उष्ण-दमट हवेत ही सीमा सुमारे ३१ अंशांवरच येते असे दिसून आले. वृद्ध, गर्भवती, लहान मुले आणि हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांसाठी ती याहूनही खाली असणार. वरच्या उदाहरणातील चेन्नईची दुपार त्या सीमेपासून फारशी दूर नाही. तमिळनाडू शासनाने २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्यस्तरीय आपत्ती म्हणून घोषित केले, त्यामागील गांभीर्य यावरून कळते.

मधमाश्यांची रीत

या दोन हवामानांतील दोन उपाय कीटकांनी फार पूर्वीच साधले आहेत. मधमाश्यांच्या पोळ्यातील पिलाव्याचा भाग ३४ ते ३५ अंशांवर राखावा लागतो. त्याहून तापमान चढले की कामकरी माश्या पाणी आणतात, कोशांच्या कडांवर त्याचा पातळ थर पसरवतात आणि पंख हलवून वारा घालतात. जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात इटलीतील लाव्हाच्या तप्त मैदानावर मधपेटी ठेवून पाहिले. बाहेरचे तापमान ७० अंशांच्या आसपास असतानाही, पाणी उपलब्ध होते तोवर माश्यांनी पेटीच्या आतील तापमान सुमारे ३५ अंशांवर राखले. मधुमक्षिकापालनात उन्हाळ्यात पेटीजवळ पाण्याचे भांडे ठेवण्यास सांगितले जाते, त्याचे कारण हेच.

दमट, निवांत रात्री मात्र माश्या वेगळे वागतात. पाण्याचा उपयोग होत नसल्याने मोठ्या संख्येने त्या पेटीच्या दारावर दाढीसारखा घोस करून बाहेर लटकतात. आतील गर्दी कमी होते, शरीरांची उष्णता बाहेर जाते आणि आत वारा खेळण्यास वाट मोकळी होते. कोरड्या हवेत पाणी व वारा, दमट हवेत मोकळीक व वारा, असा हा क्रम आहे. माणसाच्या घरालाही तोच लागू पडतो. दोन्ही ठिकाणी वारा समान आहे, पाण्याची भूमिका मात्र बदलते.

वेस्ट मांबलम : खिडकी बंद कोण करतो?

चेन्नईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर मांबलम स्थानक आहे. रुळांच्या पूर्वेला त्यागरायनगर. ते १९२० च्या दशकात लाँग टँक या विस्तीर्ण तलावाची जागा भरून वसवले गेले. रुळांच्या पश्चिमेला वेस्ट मांबलम. किनाऱ्यापासून ही वस्ती साधारण पाच-सहा किलोमीटर आत आहे. अयोध्या मंडपम् आणि आर्य गौडा रस्ता यांच्या परिसरातील दाटीच्या गल्ल्या, मधूनमधून टिकून राहिलेली जुनी बैठी घरे आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती असे तिचे आजचे रूप आहे.

तमिळ प्रदेशातील जुन्या घराची रचना उकाड्याचा विचार करून केलेली असे. रस्त्याच्या बाजूला तिण्णै, म्हणजे आपल्याकडील ओटा किंवा ओसरी. मध्यभागी मुट्रम, म्हणजे वाड्यातील चौक. आणि या दोहोंच्या मधून मागील दारापर्यंत सरळ वाट. चौकातील तापलेली हवा वर निघून जाई आणि ओसरीवरून तिची जागा घेणारा वारा घरभर फिरे. छतासाठी सागवानी तुळयांवर उभ्या विटा चुन्यात बसवून, त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातील थर व फरशी घालण्याची पद्धत होती. तिला ‘मद्रास टेरेस’ असेच नाव पडले. चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य एप्रिलच्या उत्तरार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यानंतर थेट डोक्यावर येतो. त्यामुळे घराचा सर्वाधिक तापणारा भाग भिंत नसून छत असतो. आजच्या पातळ काँक्रीट छताखालील वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

मे महिन्यात तेथील लोक ज्याला ‘अग्नि नक्षत्रम्’ किंवा ‘कत्तिरी’चे ऊन म्हणतात, तो सुमारे साडेतीन आठवड्यांचा काळ येतो. दुपारी सागरी वारा वेळेवर आला तर पारा उतरतो. पश्चिमेकडील कोरडे वारे जोरात असले की तो उशिरा येतो आणि तापमान चाळिशी ओलांडते. वेस्ट मांबलमच्या जवळच असलेल्या नुंगंबाक्कम वेधशाळेत ३१ मे २००३ रोजी ४५ अंश तापमान नोंदले गेले. असे दिवस थोडे. नेहमीचा त्रास रात्रीचा असतो. मेमध्ये रात्रीचा पाराही २८ अंशांच्या आसपास राहतो आणि दिवसभर तापलेले छत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते.

अशा हवेत एकच उपाय सर्वांत स्वस्त व परिणामकारक आहे : सूर्य मावळताच सर्व खिडक्या उघडून समुद्राकडून येणारा वारा घरात घेणे. पण नेमक्या त्याच वेळी, सायंकाळी साडेपाच-सहाला, वेस्ट मांबलममधील घराघरांतून खिडक्या लावून घेतल्या जातात. कारण डास. ‘मांबलमचे डास’ ही चेन्नईच्या बोलण्यातील जुनी थट्टा आहे, परंतु तिच्यामुळे होणारा तोटा थट्टेचा नाही. बाहेरची हवा आतील हवेपेक्षा थंड होऊ लागते त्याच क्षणी घर बंद होते. भिंती व छत यांनी साठवलेली उष्णता आतच कोंडली जाते. ज्यांना वातानुकूलन परवडते त्यांचे भागते. इतरांची रात्र पंख्याखाली गरम हवा फिरवण्यात जाते. म्हणजेच दमट हवामानातील दाट वस्तीत डासांचे नियंत्रण हा केवळ रोगप्रतिबंधाचा भाग राहत नाही. तोच उष्णतेवरील पहिला उपाय ठरतो.

तीन डास, तीन प्रकारचे पाणी

‘डास’ या एका शब्दात निरनिराळ्या सवयींच्या जाती येतात. उपाय योजायचा तर त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात.

क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस हा रात्री चावणारा डास गटारे, शोषखड्डे व शौचालयाच्या टाक्या यांतील घाण साचलेल्या पाण्यात वाढतो. मादी शंभराहून अधिक अंडी एकमेकांना चिकटवून तराफ्यासारखी पाण्यावर सोडते. हत्तीरोगाचा प्रसार याच डासामार्फत होतो. पावसाच्या जोरदार सरीने गटारे धुऊन निघतात, उलट कोरड्या महिन्यांत पाणी तुंबून राहते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची संख्या वाढलेली दिसते. सायंकाळी खिडकी बंद करायला लावणारा डास प्रामुख्याने हाच.

एडीस इजिप्ती हा पांढऱ्या पट्ट्यांचा डास दिवसा चावतो आणि डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवतो. त्याला स्वच्छ साठवलेले पाणी लागते : पिंप, रांजण, प्लॅस्टिकच्या घागरी, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागील पाण्याचा ट्रे आणि कूलरची टाकी. जून २०१९ मध्ये चेन्नईला पाणी पुरवणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा घरोघरी रंगीत घागरींच्या रांगा लागल्या. पाणीटंचाईत पाण्याचा साठा वाढतो आणि साठ्याबरोबर या डासाची जागाही वाढते. त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्या अवस्थेत कित्येक महिने जिवंत राहू शकतात.

ॲनोफेलिस स्टीफेन्सी हा शहरी हिवतापाचा वाहक विहिरी, भूमिगत टाक्या व गच्चीवरील उघड्या टाक्या यांत वाढतो. चेन्नईच्या हिवतापाशी त्याचे नाते जुने आहे. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला आणि शहरी टाक्यांतील हा डास तेथेही चिंतेचा विषय झाला.

या तिन्ही जातींना उष्ण पाण्यात अंड्यापासून प्रौढ होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा हा आरोग्य विभागाचा आग्रह याच जीवनचक्रावर आधारलेला आहे.

उकाड्याच्या प्रदेशात : अंग ओले करावे, हवा नव्हे

चेन्नई, मुंबई, कोकण व गोवा येथील घरांसाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. ऊन बाहेरच अडवावे. काचेतून आत आलेले ऊन पडद्याने पूर्णपणे रोखता येत नाही. खिडकीबाहेर छज्जा, बांबूची चटई किंवा वेल असावी. छताला चुन्याचा पांढरा लेप किंवा परावर्तक रंग द्यावा. पांढऱ्या छताखालची खोली काही अंशांनी थंड राहते. हा उपाय कोरड्या व दमट अशा दोन्ही हवामानांत चालतो.

२. खिडकी बंद करण्याऐवजी जाळी बसवावी. छिद्रे १.२ ते १.५ मिलिमीटरची असावीत. जाळीने वाऱ्याचा जोर बराच घटतो, हे खरे. म्हणून जाळी फक्त उघडणाऱ्या तावदानापुरती न बसवता शक्य तेवढ्या मोठ्या भागाला बसवावी आणि दर पंधरवड्याला धूळ झाडावी. धुळीने भरलेली जाळी भिंतीइतकीच निरुपयोगी असते. वारा आत येण्यास एक आणि बाहेर जाण्यास समोरच्या बाजूला दुसरी, अशा दोन जागा हव्यात. दुसरी नसल्यास स्वयंपाकघरातील किंवा न्हाणीघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा रात्री चालू ठेवावा.

३. पंखा दुहेरी काम करतो. सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा अंगावरून गेला की तापमान सुमारे तीन अंशांनी कमी असल्यासारखे वाटते. शिवाय डास दुबळे उडणारे असतात. ताशी दोन-तीन किलोमीटरपेक्षा अधिक वेगाच्या वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइडचा माग विखुरला गेल्याने माणूस शोधणेही कठीण जाते. झोपताना पंखा पायांच्या बाजूने, अंगावर सरळ येईल असा ठेवावा. मच्छरदाणीत वारा कमी पोचतो, म्हणून तेथे उभा पंखा जवळ असावा.

४. पाणी हवेत न फवारता अंगावर घ्यावे. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगतच्या हवेत घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते. चेन्नईच्या दुपारच्या हवेत ते २६ ग्रॅम असते. म्हणजे त्वचेवरील पाणी अजूनही वाळू शकते, फक्त त्याला वारा हवा. ओल्या पंचाने हात, मान व पाय पुसून पंख्याखाली बसणे हे दमट घरातील कूलरपेक्षा अधिक परिणामकारक आहे. वृद्धांसाठी हा उपाय विशेष सोपा आहे.

५. वातानुकूलन वापरायचे झाल्यास ते २६-२७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. ऊर्जा दक्षता ब्यूरोने जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांसाठी २४ अंश हे मूळ तापमान ठरवून दिले आहे. त्याखाली जाण्याची गरज क्वचितच असते. यंत्रातून टपकणारे पाणी बादलीत साचू देऊ नये.

६. खिडकीबाहेरचे पाणी पाहावे. शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधावी, झाकणांच्या फटी बुजवाव्यात, गच्चीवरील टाकीचे झाकण घट्ट असावे. पर्जन्यजल साठवण्याच्या खड्ड्यांत पाणी उघडे राहू नये. जेथे पाणी काढून टाकता येत नाही अशा विहिरीत गप्पी मासे सोडावेत. गटारात बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूची मात्रा द्यावी. शेतकऱ्यांच्या परिचयाच्या ‘बीटी’चीच ही उपजात आहे. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात ती सापडली. कापसावरील बोंडअळीविरुद्ध वापरली जाणारी बीटी प्रथिने पतंगवर्गीय अळ्या मारतात, तर ही उपजात डासांच्या अळ्यांवर काम करते.

यातील सहावे काम एका घराच्या आवाक्यातील नाही. शेजारच्या इमारतीची टाकी उघडी असेल तर आपली जाळी रात्रंदिवस लावलेलीच राहते. म्हणून ते गल्लीने किंवा सोसायटीने मिळून, आठवड्याचा एकच वार ठरवून करावे.

रखरखीच्या प्रदेशात : कूलरने घडवलेले लहानसे वेस्ट मांबलम

विदर्भ, मराठवाडा व खानदेशात कूलर हा योग्य उपाय आहे, याविषयी शंका नको. तेथे दुपारी दारे-खिडक्या बंद ठेवणे, जाड भिंती व जाड पडदे यांचा आधार घेणे आणि पहाटे घर पूर्ण उघडणे ही जुनी रीतही बरोबर आहे. बाहेरची हवा ४० अंशांहून अधिक तापलेली असताना नुसता पंखा अंगावर गरम झळ मारतो आणि शरीर तापवतो. त्याच्या जोडीला ओला पंचा किंवा कूलर हवाच. मात्र कूलर चालू असताना समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी. ओली हवा बाहेर गेली तरच नवी कोरडी हवा आत येऊन थंड होते.

परंतु कीटकशास्त्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ४३ अंशांच्या कोरड्या हवेत एडीसचा प्रौढ डास फार काळ जगत नाही. डेंग्यूच्या प्रसारासाठी सुमारे २९ अंश तापमान सर्वांत अनुकूल असते आणि ३४-३५ अंशांच्या पुढे तो जवळजवळ थांबतो. आता कूलरच्या खोलीचे वर काढलेले आकडे पुन्हा पाहावेत : २८ अंश तापमान, ६४ टक्के आर्द्रता. माणसाने स्वतःसाठी तयार केलेला गारवा डासालाही तितकाच मानवतो. त्याच खोलीत, खिडकीच्या पलीकडे, पन्नास-साठ लिटर स्वच्छ पाण्याची सावलीतली टाकी त्याच्यासाठी भरून ठेवलेली असते. रखरखीत भर उन्हाळ्यातही डास टिकून राहण्याची सोय घराघरांत होते ती अशी.

यावर उपाय सोपा आहे, पण तो पूर्ण करावा लागतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करावी, कडा व तळ ताठ ब्रशने घासाव्यात आणि काही तास उन्हात कोरड्या होऊ द्याव्यात. नुसते पाणी बदलल्याने भिंतीला चिकटलेली अंडी जात नाहीत. नवे पाणी त्यांच्यापर्यंत चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. रांजण व पिंपे यांनाही हाच नियम लागू आहे.

एकाच उन्हाळ्यातील दोन हवामाने

विदर्भातील घराला वेस्ट मांबलम समजून घेण्याची गरज आणखी एका कारणाने आहे. जूनच्या मध्यास मोसमी पाऊस पोचला की काही दिवसांतच नागपूरची हवा दमट होते. कालपर्यंत पंधरा अंशांचा गारवा देणारा कूलर आज चार-पाच अंशही देत नाही. अनेक घरांत तो तरीही चालू राहतो किंवा नुसता बंद करून, पाण्यासह, गणपतीपर्यंत खिडकीत तसाच उभा राहतो. डेंग्यूचा हंगाम त्याच वेळी सुरू होतो.

केव्हा थांबावे हे ठरवण्यासाठी दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळावे, दोन्हींवर पंख्याचा वारा घालावा आणि काही मिनिटांनी आकडे वाचावेत. फरक दहा अंशांहून अधिक असेल तर कूलरचा लाभ स्पष्ट आहे. फरक पाच-सहा अंशांवर आला की पाण्याचा पंप बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि पंख्यावर भर द्यावा. त्याच दिवशी कूलरची टाकी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवावी व गवताचे पॅड काढून टाकावेत. हवामान केंद्रांत आर्द्रता मोजण्यासाठी असेच जोड तापमापक वापरले जातात. कृषी विज्ञान केंद्रास भेट देणाऱ्या शेतकऱ्यांना ते प्रत्यक्ष पाहता येतात.

गोठा आणि शीतकक्ष

हाच भेद शेतावरही उपयोगी पडतो. कोरड्या भागात गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये सूक्ष्म तुषार सोडले तर हवा थंड होते. कोकणात तेच तुषार शेड कोंदट करतात. तेथे गाई-म्हशींच्या अंगावर मोठ्या थेंबांचे पाणी सोडून त्यावर पंख्याचा वारा द्यावा, म्हणजे बाष्पीभवन जनावराच्या त्वचेवर होते. भाजीपाला टिकवण्यासाठी भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष, ज्यात विटांच्या दुहेरी भिंतींमधील वाळू ओली ठेवली जाते, तोही कोरड्या महिन्यांत उत्तम काम करतो आणि पावसाळ्यात त्याचा लाभ घटतो. गोठ्यातील पाण्याचे हौद व शीतकक्षाभोवती साचणारे पाणी यांकडे मात्र सर्वत्र लक्ष हवे.

सारांश

रखरखीला पाणी आणि उकाड्याला वारा, हे सूत्र लक्षात ठेवण्यास सोपे आहे. पाणी वापरणाऱ्याने त्यात डास वाढणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि वारा हवा असणाऱ्याने डासांमुळे खिडकी बंद करण्याची वेळ येणार नाही अशी व्यवस्था करावी. वेस्ट मांबलममध्ये संध्याकाळी सहा वाजता जाळीआडून खिडकी उघडी राहिली, तर त्या घरातील आजी-आजोबांची रात्र दोन-तीन अंशांनी सुसह्य होते. नागपुरात मृग नक्षत्राबरोबर कूलर कोरडा झाला, तर त्या घरातील मुलांचा डेंग्यूचा धोका घटतो. दोन्ही कामांना लागणारा खर्च एका जाळीचा, एका ब्रशचा आणि आठवड्यातील अर्ध्या तासाचा आहे.